टर्कीच्या भांड्यातली मतं

हॅलोवेल काउंटीत डेमोक्रॅट नव्हते असं नाही. होते, पण त्यांची अख्खी सभा हमरस्त्यावरच्या खानावळीत एका टेबलाभोवती भरायची आणि तरी एखादी खुर्ची रिकामी राहायची. त्यामुळे कॅन्ससच्या या कोपऱ्यात जी काही भांडणं व्हायची ती रिपब्लिकनांची रिपब्लिकनांशीच, आणि घरातली भांडणं होतात तशी व्हायची. हसून बोलायचं, एकमेकांच्या बशीत केक वाढायचा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहायचं.

अर्डिस होल्मग्रेन या बघण्यात तरबेज होती. चौदा वर्षं ती काउंटीच्या रिपब्लिकन कमिटीची अध्यक्ष होती. जत्रेत पक्षाचा तंबू ठोकणं, फेब्रुवारीत लिंकनच्या नावाचं जेवण घालणं, निवडणूक झाली की वाऱ्याने शेतात उडालेल्या प्रचाराच्या पाट्या गोळा करत हिंडणं, हे सगळं तिने केलं. नवरा नॉरिस गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यातही ती सभेला हजर होती. लोक हळहळले, पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात घरी बसली असती तर ती वेडी झाली असती. अध्यक्षपद तिच्याकडे होतं असं म्हणण्यापेक्षा तेवढंच काय ते तिच्याकडे उरलं होतं.

दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये सतरा विभागांतून एक बाई आणि एक पुरुष असे चौतीस सभासद निवडून यायचे आणि आपला अध्यक्ष ठरवायचे. ठरवायचे म्हणजे माना डोलवायचे. अर्डिससमोर आजवर कुणी उभंच राहिलं नव्हतं. यंदा मर्लिन स्टॅडलमन उभा राहिला.

मर्लिनचा धंदा गॅसचा आणि खताचा. काउंटीतल्या प्रत्येक घरामागे घर उबदार ठेवणाऱ्या गॅसची जी पांढरी टाकी असते ती भरणारा ट्रक त्याचा. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की तो ट्रक कुणाकडे आधी वळेल आणि कुणाला 'उद्या बघू' ऐकावं लागेल, ते मर्लिन ठरवायचा. त्याने आजवर कुणालाही थंडीत ठेवलं नव्हतं. पण ठेवू शकतो, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याला अध्यक्षपद कशाला हवं होतं तेही उघड होतं. राज्याच्या सिनेटमधले इथले म्हातारे आमदार मुदतीआधीच घरी बसणार अशी कुणकुण होती, रिकाम्या जागेसाठी माणूस निवडायची सभा अध्यक्ष बोलावतो, आणि मर्लिनचा भाचा आधीच नवा कोट शिवून बसला होता.

अर्डिसच्या पर्समध्ये एक कार्ड होतं, पाककृती लिहून ठेवतात तसलं. त्यावर चौतीस नावं. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तो येणार नव्हता. राहिले तेहतीस, म्हणजे सतरा मतं लागणार. पेन्सिलीने तिने सतरा खुणा केल्या होत्या, एक जास्त नाही की एक कमी नाही. सतरावी खूण लावोन पेनरच्या नावापुढे होती.

लावोन म्हणजे तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. दर वेळी अर्डिसचं नाव सुचवायला लावोनच उठायची आणि दर वेळी तोच विनोद करायची, की या बाईला अध्यक्ष केलं नाही तर ती माझ्या घरी येऊन बसेल. लावोनच्या नावापुढे खूण करायला खरं तर पेन्सिल उचलायचीही गरज नव्हती. पण दोन आठवड्यांपूर्वी लावोनचा फोन आला.

"यंदा तुझं नाव मी सुचवणार नाही गं. ग्लेनाला सांग."

"का?"

"का म्हणजे? दर वेळी माझंच थोबाड बघून कंटाळतात लोक."

"चौदा वर्षं नाही कंटाळले."

"अर्डिस, तू ना प्रश्न फार विचारतेस," असं म्हणून लावोन हसली. हसणं जरा लवकरच संपलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण बुधवारी दुपारी अर्डिसला लावोनची तपकिरी गाडी मर्लिनच्या आवारात दिसली. पुढे, गिऱ्हाइकं गाड्या लावतात तिथे नाही, मागे, ऑफिसच्या दाराशी. अर्डिसने गाडीचा वेग कमी केला, धान्याच्या कोठाराला दोन वळसे घातले आणि तिसऱ्या वळशाला स्वतःचीच लाज वाटून घरी गेली. गुरुवारी मात्र काहीतरी निमित्त काढून ती लावोनकडे धडकली.

"काल फोन लावला होता तुला," अर्डिसने थाप मारली.

"काल? अगं, दिवसभर टोमॅटो बरण्यांत भरत होते. ऐकूच आला नसेल."

अर्डिसने ओट्याकडे पाहिलं. ओटा लख्ख होता. एकही बरणी नाही, टोमॅटोचा एक शिंतोडा नाही. ती कॉफी प्यायली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि गाडीत बसल्यावर पर्समधून कार्ड काढून सतरावी खूण खोडरबराने पुसली. मग पुन्हा केली. मग तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी नऊला जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या इमारतीत सभा भरली. जत्रा संपून तीन आठवडे झाले होते, तरी तिथे प्रदर्शनाला ठेवलेल्या डुकरांचा वास गेला नव्हता. त्यावर कॉफीचा आणि दालचिनीच्या रोलांचा वास चढलेला. रोल लावोनचे होते, तिच्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमधले. लावोनने एक रोल बशीत घालून अर्डिसच्या हातात दिला आणि कानाशी लागून म्हणाली, "हे बघ, आज काहीही झालं तरी खुर्चीवरून उठू नकोस. ऐकतेयस ना? लोकांना निवांत कागदावर लिहू दे."

"का? काय होणार आहे?"

"काही होणार नाही. तू फक्त उठू नकोस."

ज्या माणसाच्या मनात आधीच किडा शिरला आहे त्याला असं काही सांगू नये. अर्डिसने तो रोल खाल्ला नाही.

सभा चालवायला एल्विन टीसनना बोलावलं होतं. एल्विन म्हणजे निवृत्त सरकारी वकील, वय एक्क्याऐंशी, कमिटीचे सभासद नाहीत, म्हणून कुणाच्या बाजूचे नाहीत आणि कानाने थोडे मंद, म्हणून कुणाचं फारसं ऐकतही नाहीत. ग्लेनाने अर्डिसचं नाव सुचवलं. मर्लिनचं नाव त्याच्या एका शेजाऱ्याने सुचवलं. आता मत कसं द्यायचं ते सभेने ठरवायचं होतं, आणि एल्विनचं विचारून होण्याआधीच लावोन उठली.

"मतदान कागदावर घ्यावं," ती म्हणाली. "आपापलं नाव न घालता."

चौदा वर्षांत या बाईने मतदानाच्या पद्धतीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आज तिला एकाएकी कागद आठवला. कागदावर कुणी काय लिहिलं ते कुणाला कळत नाही. तोंडाने एक बोलायचं आणि हाताने दुसरं लिहायचं, त्याला कागदासारखी सोय नाही.

सूचना मंजूर झाली. चिठ्ठ्या वाटल्या. मतपेटीची किल्ली कुण्या एका खजिनदाराने पन्नास वर्षांपूर्वी हरवली, तेव्हापासून हॅलोवेल काउंटीच्या रिपब्लिकनांची मतं टर्की भाजायच्या भांड्यात गोळा होत आली आहेत. निळं इनॅमल, पांढरे ठिपके, वर घट्ट झाकण. लिंकनच्या जेवणाला त्यात टर्की असते आणि ऑगस्टमध्ये मतं. यंदा ते भांडं फिरवायचं काम डोरीनकडे आलं होतं. डोरीन म्हणजे मर्लिनच्या भावाची बायको, तिसऱ्या विभागाची सभासद, मर्लिनच्याच ऑफिसात हिशेब लिहायला बसणारी. तिचं नाव अर्डिसच्या कार्डावर मर्लिनच्या बाजूला होतं, खाली दोन रेघा मारून.

डोरीन रांगेरांगेतून फिरत लावोनपर्यंत पोचली. लावोनने चौघडी घातलेली चिठ्ठी आत टाकली. मग डोरीनने एका हातात भांडं धरून दुसऱ्या हाताने लावोनचं मनगट क्षणभर दाबलं. लावोनने मान हलवली, इतकी हलकी की दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. अर्डिसला दिसली. मागचं दार, नसलेले टोमॅटो, कागद, आणि आता हे मनगट. सगळं एका सुतात ओवलं गेलं.

भांडं एल्विनच्या टेबलावर ठेवलं गेलं. एल्विन झाकणाला हात घालणार एवढ्यात अर्डिस उभी राहिली.

"अध्यक्षमहाराज, थांबा. मला एक सूचना मांडायची आहे."

"बोला, अर्डिस. मोठ्याने."

"हे मतदान बाजूला ठेवावं. आपण काय तोंड लपवायला आलोय का इथे? ज्याला मी नको असेन त्याने उभं राहून सांगावं. उभं राहून मोजणी घ्यावी."

मागच्या रांगेत ओटिसने, मर्लिनचा गॅसचा ट्रक चालवतो त्या ओटिसने, टोपी डोक्यावरून काढून गुडघ्यावर ठेवली. मर्लिन आधी अर्डिसकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवून सावकाश एकेका रांगेवरून नजर फिरवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"माझा पाठिंबा आहे या सूचनेला," तो म्हणाला. "उघड्यावर होऊन जाऊ दे. आपण सगळे शेजारीच आहोत."

एल्विननी विचारलं, कुणाची हरकत? आता उघड मतदानाला उघडपणे हरकत कोण घेणार?

"माझी आहे," लावोन म्हणाली. तेहतीस जणांत एकटी. "माझी हरकत आहे. अर्डिस, खाली बस."

अर्डिसने तिच्याकडे पाहिलं आणि बसली नाही. चोर सापडला, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात एक वाईट गोडवा होता. एल्विननी भांडं उचलून मागच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवायला सांगितलं.

"अर्डिस होल्मग्रेन यांच्या बाजूचे उठा."

लोक उठले. लावोन सगळ्यांच्या आधी उठली. हात छातीवर घट्ट बांधून, समोर बघत. अर्डिसच्या मनात आलं, आता काय, पकडली गेल्यावर उठेलच. मग तिने डोकी मोजली. पंधरा. कार्डावर खूण असलेले दोघे बसून होते. एक बुटाच्या नाड्या बांधत होता, दुसरी पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिला ते सापडत नव्हतं.

"मर्लिन स्टॅडलमन यांच्या बाजूचे."

अठरा. त्यात ओटिस होता. त्यात डोरीन होती, मान खाली घालून.

टाळ्या वाजल्या, हात मिळवले गेले. अर्डिसनेही मर्लिनचा हात हातात घेतला, चेहरा न हलवता. लावोन दाराकडे निघाली होती. अर्डिस तिला आडवी आली.

"बुधवारी तू मर्लिनच्या आवारात होतीस. टोमॅटो नव्हते ते."

"होते मी," लावोन म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "डोरीनकडे गेले होते."

"तेच म्हणते मी. डोरीनकडे."

"तुला अजून कळलेलं नाही ना?" लावोन तिच्याकडे बघत राहिली. "बरं. राहू दे." आणि ट्रे तिथेच टाकून ती निघून गेली.

या काउंटीत आणखी एक जुनी रीत होती. निवडणूक झाली की जिंकलेल्याने आणि हरलेल्याने मागे थांबून, दोघांनीच, सगळं आवरायचं. जिंकलेल्याने खुर्च्या, हरलेल्याने भांडी. राग घरी न्यायचा नाही, इथेच साबणात धुऊन टाकायचा. चौदा वर्षं कुणी हरलंच नव्हतं म्हणून दोन्ही कामं अर्डिसच करत आली होती. आज मर्लिन सभागृहात खुर्च्या मिटत होता, त्यांचा खडखडाट भिंतीपलीकडून ऐकू येत होता, आणि अर्डिस कॉफीच्या भल्यामोठ्या पिंपातला चोथा काढत होती. हात पुसायला वळली तेव्हा ओट्यावर ते निळं भांडं दिसलं.

उघडायचं काही कारण नव्हतं. त्यातली मतं रद्द झाली होती. तिला फक्त एक चिठ्ठी हवी होती. लावोनचं अक्षर मागे झुकतं, डावखुऱ्या माणसाचं. चिठ्ठीवर 'स्टॅडलमन' लिहिलेलं एकदा डोळ्यांनी बघितलं की चाळीस वर्षांच्या मैत्रीवर झाकण घालायला ती मोकळी होती.

लावोनची चिठ्ठी लगेच सापडली. चौघडीची तेवढी एकच होती. आत आडनाव नव्हतंच. मागे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'अर्डिस'.

अर्डिसने ती ओट्यावर ठेवली. मग दुसरी उघडली, तिसरी उघडली. चौदा वर्षं ती या लोकांच्या हजेरीच्या सह्या आणि नाताळची कार्डं बघत आली होती, प्रत्येक हात तिला ओळखीचा होता. नाड्या बांधणाऱ्याची चिठ्ठी निघाली: होल्मग्रेन. पर्समध्ये शोधणारीची: होल्मग्रेन. एक मोठ्या, ओबडधोबड अक्षरांतली, पेन कागदात रुतवून लिहिलेली. ओटिसची. होल्मग्रेन. आणि मग हिशेबनिसाच्या नेटक्या, बारीक अक्षरातली. डोरीनची.

होल्मग्रेन.

तिने दोन ढीग केले. चौदा मर्लिनच्या. एकोणीस तिच्या. पुन्हा मोजल्या. एकोणीसच.

ती ओट्याला धरून उभी राहिली. लावोन मागच्या दाराने कुणासाठी गेली होती ते आता कळलं, आणि आपल्याला का सांगितलं नाही तेही कळलं. सांगितलं असतं तर आपण कार्डावर खुणा केल्या असत्या, डोरीनला फोन केला असता, 'नक्की ना?' म्हणून चारदा विचारलं असतं. चार माणसं थंडीच्या भीतीवर मात करून कागदावर तिचं नाव लिहून गेली होती, आणि तिने स्वतःच्या तोंडाने त्यांना उभं राहायला सांगितलं होतं, ट्रकवाल्याच्या समोर. दुसऱ्या कुणी नाही, तिनेच. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

पलीकडचा खडखडाट थांबला होता. तिला उशिरा जाणवलं.

"त्या मघाच्या चिठ्ठ्या का गं?" मर्लिन दारात उभा होता, हाताची धूळ झटकत.

अर्डिसने एका हाताने दोन्ही ढीग भांड्यात लोटले.

"बघू तरी," तो हसत पुढे आला. "मजा म्हणून. माझ्या गॅसच्या पावत्यांवर सगळ्यांच्या सह्या असतात. कुणी काय लिहिलंय ते मी डोळे मिटून सांगेन."

ते कागद बाहेर काढून टेबलावर मांडले असते तर काउंटीभर बोभाटा झाला असता. एल्विनना पुन्हा सभा बोलवावी लागली असती. कदाचित खुर्चीही परत मिळाली असती. हे सगळं तिला एका दमात सुचलं, आणि तितक्याच झटकन ओटिसची टोपी आठवली, गुडघ्यावर काढून ठेवलेली.

तिने कॉफीचं पिंप कलंडलं. उरलेली कढत कॉफी आणि बादलीभर चोथा भांड्यात ओतला, झारा घेतला आणि लगदा होईपर्यंत ढवळत राहिली. शाई तपकिरी पाण्यात विरघळली.

"अगं, हे काय?"

"रद्द झालेली मतं आहेत. ती ठेवायची नसतात."

"मोजल्यास का?"

"मोजल्या."

"मग?"

"तुझ्याच जास्त होत्या, मर्लिन," अर्डिस म्हणाली. "अठरा."

त्याने मान हलवली, पण जागचा हलला नाही. लगद्याकडे बघत राहिला. मग तिच्या ओल्या डोळ्यांकडे. मग पुन्हा लगद्याकडे, आणि ओठ न हलवता नावं मोजू लागला. ती नजर अर्डिसला चांगली ओळखीची होती. दोन आठवडे तिने ती आरशात बघितली होती.

"बरोबर अठरा?" त्याने विचारलं.

"बरोबर अठरा. जा आता, खुर्च्या राहिल्यात तुझ्या."

लावोनचा ट्रे तिने घासला, पुसला आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला. दुपारचं ऊन चढलं होतं. लावोन अंगणातल्या पायरीवर बसली होती, सभेच्याच कपड्यांत. तिने उठायची तसदी घेतली नाही. अर्डिसने ट्रे पुढे केला.

लावोननेच विचारलं, "उघडलंस ना भांडं?"

"हो."

"किती?"

"एकोणीस."

लावोनने बोटांवर काहीतरी मोजलं.

"मी अठरा धरले होते," ती म्हणाली. "ओटिसने पण?"

"ओटिसने पण."

लावोनने ट्रे घेऊन मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी धरला. आत ये, असं ती म्हणाली नाही. अर्डिस उन्हात उभी राहिली, या खेपेला लावोनने 'खाली बस' म्हणायची वाट बघत.